ग्लासगोत न मिळणारं ऊन

प्रिय ममू,

तू पाठवलेला शब्द मी अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणून पाहिला. अ‍ॅप्रिसिटी. थंडीतल्या उन्हाची ऊब. चारशे वर्षांपूर्वी कुण्या इंग्रजानं तो कोशात घातला आणि पुढे जवळपास सगळे विसरून गेले, असं तू लिहिलंस. शहाद्याच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा काही माझ्या वाटेला आला नव्हता.

त्याखाली तू लिहिलं होतंस, ‘ग्लासगोत हे मिळत नाही’, आणि पुढे हसरं तोंड. सातव्या महिन्यातली लेक असं हसरं तोंड काढते तेव्हा आईला काय वाटतं, ते तुला फेब्रुवारीनंतर कळेल.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पण डॉक्टरांनी तुझा विमानप्रवास बंद केला आणि डिंकाचे लाडू कुणासाठी करायचे, म्हणून मी रुसून बसले. मी तिकडे यावं, तर तुझ्या आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिला उठवायला, न्हाऊ घालायला मीच लागते. कामाला येणाऱ्या गजराबाईनं हात लावला की, “मी काय मढं शे का?” म्हणून ओरडते.

तर तो शब्द मी आजीला सांगितला. ती खाटेवर पाय पसरून उन्हात बसली होती. शेजारची तापीबाई वाळत घातलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. आजीला खरंच वाटेना. “उन्हले कसानं नाव? ऊन ते ऊन!” तापीबाई म्हणाली, “त्यासले कमी मिळस म्हनीसन नाव दी ठेयेल व्हई.” झालं, तेव्हापासून दोघींनी शब्द वापरायलाच काढला आहे. “सरक व तापी, मन्ही अपरीशिटी अडावू नको.” काल पलीकडच्या गल्लीतली एक बाई मला विचारत होती, आज अपरीशिटी बरी आहे का, पापड टाकू का. तुझ्या त्या इंग्रजाला कळलं तर बिचारा सुखावेल.

त्याच दुपारी आजीनं विचारलं, “ममूना गावमा ऊन नही, तं बाळले कोवळं ऊन कोन दाखाडी?” मी म्हटलं, तिथे कोण आहे? तिनं चहा संपवून कप खाटेखाली सरकवला. मग म्हणाली, “पोर येत नही तं मायनी जावानं. मी काय तुन्हा पदरले बांधेल शे का?” दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच गजराबाईला हाक मारली आणि पाणी काढायला लावलं. न्हाणीत अख्खा वेळ शिव्या चालल्या होत्या, पण न्हाली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मग लगेच तुझ्या पप्पांना घेऊन अहमदाबादला गेले आणि बोटांचे ठसे देऊन आले.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण “आई नको, आजीचं कसं होईल?” म्हणून तू मला गप्प केलं असतंस आणि मी झालेही असते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. ममू, व्हिसा आला. जानेवारी संपायच्या आत मी येते आहे. विमानतळावर ललितरावांना पाठव, तू पोट घेऊन थंडीत येऊ नकोस. आणि आजीनं बजावलंय, बाळ झालं की पहिला फोन तिला, पप्पांना नंतर. “आदमीले काय समजस?” म्हणते.

तुझीच, बॅग भरून तयार बसलेली,
आई