अठ्ठेचाळीस व्होल्टचा चढ

२ ऑगस्ट

चि. खटपटीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे गुडघे सोडून सर्व क्षेम. पत्र नेहमीप्रमाणे आमचा पंपवाला लिहितोय. वृद्धाश्रमाचे पाण्याचे पंप चालवणं, गाडी हाकणं आणि माझी पत्रं लिहिणं-वाचणं अशी तीन कामं त्याच्या गळ्यात पडलीत. मी सांगते त्यातलं तिखट तो गाळतो असा मला संशय आहे, म्हणून तू चवीपुरतं वरून घालून घे.

चार महिने झाले, तुझे आजोबा वरच्या इमारतीत, विसरणाऱ्यांच्या, आणि मी खालच्या ओळीत, न चालणाऱ्यांच्या. तुझ्या बापाने दोन सह्या केल्या आणि बावन्न वर्षांचा संसार दोन फायलींत गेला. मधे एक चढ आहे. तो माझ्या गुडघ्यांना जमत नाही, आणि त्यांच्या दाराला आकड्यांचं कुलूप. मोटारीचा रस्ता आहे, पण तो फाटकाबाहेरून वळसा घालून जातो, आणि फाटकाबाहेर पडायला पुन्हा तुझ्या बापाची सही. उरली ती पायवाटेवरची बॅटरीची गाडी, तुझ्या गोल्फच्या मैदानावर असतात तसली, पण म्हातारी.

भेटायची वेळ चार ते पाच. गाडी चारला निघते, वळणावर धापा टाकत थांबते, पंपवाला उतरून ढकलतो. वर पोचेपर्यंत साडेचार. पाचाच्या आत खाली यायचं म्हणून पावणेपाचला निघायचं. हाती उरतात पंधरा मिनिटं. आणि ह्यांना मी कोण ते पटायलाच अर्धा तास लागतो. आधी घाबरतात, मग आदरानं बोलतात, मग कुठे चेहरा सैल पडायला लागतो, की पंपवाला घड्याळ दाखवतो. रोज मी ओळख होण्याच्या आधी उठते.

तू दिवसभर त्या गाड्यांच्या पोटात हात घालून बसतेस. हिला जरा तरणी करता येईल का ते कळव.

लोभ आहेच, त्यात भर घाल.
तुझी आजी

९ ऑगस्ट

ती. आजीस, शि. सा. न.

पंपवाले काकांनी गाडीचा नंबर कळवला ते बरं झालं. ती माझ्याहून थोरली निघाली. आमच्या वर्कशॉपमध्ये तसली एक मोडीत निघालेली आहे, तिचाच जीव तुझ्या गाडीत घालू.

काकांना पंपाच्या भाषेत सांगते. बॅटरीचा व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, वायर म्हणजे पाइप, आणि कंट्रोलर म्हणजे नळ. तुमच्याकडे सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या आहेत, म्हणजे छत्तीस. त्या संपल्याच आहेत आणि मॅनेजर नव्या घेणारच आहेत, तर तेवढ्याच आकाराच्या पण आठ व्होल्टच्या सहा घ्यायला सांगा. अठ्ठेचाळीस होतील. वेग त्याने वाढेल. चढाला जोर लागतो तो मोठ्या कंट्रोलरमुळे आणि जाड वायरींमुळे येईल. ते दोन्ही आणि नवा चार्जर पार्सलने धाडते. जुनी मोटर हे सोसेल, पण चढून गेल्यावर तिला निवू द्यायचं.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. मला या महिन्यात सुट्टी नाही, नाहीतर मीच आले असते.

तुझा आशीर्वाद पाठीवर राहू दे.
खटपट

२१ ऑगस्ट

चि. खटपटीस, अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. पंपवाल्याने दोन दिवस गाडीखाली पडून काढले. खालच्या ओळीतले सगळे खुर्च्या घेऊन बघायला बसले होते. ज्यांना स्वतःच्या चपला घालता येत नाहीत ते त्याला नट कसा आवळावा ते शिकवत होते. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा गाडीने असा काही झटका दिला, की पंपवाला सीटवर आणि त्याची टोपी तुळशीच्या झुडपात. मॅनेजर टाळ्या वाजवत होता.

रिकामी गाडी वर पाच मिनिटांत गेली. वळणावर थांबली नाही. मी खालून बघत होते. उद्यापासून मला पाऊण तास मिळेल, असं मी मोजलं. पण तुझं पत्र येईपर्यंत मला बसवायचं नाही असं पंपवाला म्हणतो. तू त्याला धाक घालून ठेवलायस.

तुझी, ताटकळलेली,
आजी

२६ ऑगस्ट

ती. आजीस, शि. सा. न.

धाक घातलाच आहे. काका, हा भाग मोठ्याने वाचा. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत आणि ते जुन्या वेगासाठी केलेले आहेत. चढताना धोका नाही. उतरताना अठ्ठेचाळीस व्होल्टची गाडी त्या ब्रेकच्या हाती लागणार नाही. नवे ब्रेक शू मागवलेत, जुनं मॉडेल असल्यामुळे वेळ लागेल. ते बसेपर्यंत माणूस घेऊन उतरायचं नाही, म्हणजे नाही. मॅनेजरसाहेबांकडून तसं लेखी घ्या.

आजी, थोडी कळ काढ. चार महिने काढलेस तसे तीन आठवडे.

खटपट

३० ऑगस्ट

चि. खटपटीस, अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं पंपवाल्याने मोठ्याने वाचलं, तीनदा. मॅनेजरने लेखी दिलं आणि शिक्का मारला. मी नीट ऐकून घेतलं. चढताना धोका नाही. उतरायचं नाही.

काल चारला मी पिशवीत दोन लुगडी, चष्मा आणि गुडघ्याचं तेल घातलं आणि गाडीत जाऊन बसले. पंपवाला नको म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझी नात यातली जाणकार आहे, तिने काय लिहिलंय ते तूच वाचलंस. बिचाऱ्याने चावी फिरवली. वारा तोंडावर लागत होता. बावन्न वर्षांत मी ह्यांच्याकडे इतक्या वेगाने कधी गेले नव्हते.

पाचला मला उठवायला आले तेव्हा मी शिक्क्याचा कागद पुढे केला. माणूस घेऊन उतरायचं नाही. मॅनेजर म्हणाला, ही इमारत विसरणाऱ्यांची आहे, तुम्हाला सगळं आठवतं, तुम्हाला इथे राहण्याचा हक्क नाही. मी म्हटलं, आपण कोण, कुठे पाहिल्यासारखं वाटतंय. वरची सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर गेली. ह्यांच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी होती. रात्रीपुरती दिली.

आजी

८ सप्टेंबर

ती. आजीस, शि. सा. न.

तू मला फसवलंस. वर्कशॉपमध्ये पत्र वाचलं आणि हसून हसून हातातला पाना पडला, मग रडू आलं.

मॅनेजरनी बाबांना दोन कागद पाठवलेत. एकावर सही केली तर तुला मोटारीने वळशाने खाली नेतील. दुसऱ्यावर केली तर तू कायमची वर. बाबा पेन उघडतात आणि बंद करतात. मी भांडले. तेव्हा त्यांनी सांगितलं की घरी असताना आजोबांनी तुला चोर समजून जेवणाची पितळी फेकून मारली होती आणि तू कुणाला कळू दिलं नाहीस, बाबांनी फक्त आवाज ऐकला होता. म्हणून त्यांनी तुम्हाला वेगळं ठेवलं. म्हणाले, तिला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं. मला हे ठाऊक नव्हतं. आता मला त्यांच्याशी भांडताही येत नाही.

शिवाय दुसरी सही झाली तर ते कुलूप तुझ्याही दाराला. आजी, विचार कर.

ब्रेक शू आलेत. पाठवू का?

खटपट

१५ सप्टेंबर

चि. खटपटीस, अनेक आशीर्वाद.

गाडी ब्रेकवाचून वरच उभी आहे, पंपवाला पायी चढ चढून आला म्हणून हे पत्र. घाम पुसत लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

ब्रेक पाठव. खालच्या ओळीतल्या तिघांची माणसं इथे वर आहेत. त्यांना पाऊण तास मिळायला हवा.

तुझ्या बापाला सांग, पितळी भिंतीला लागली होती. ह्यांचा नेम आयुष्यभर कच्चाच. त्याने माझ्या भल्यासाठी केलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, म्हणून तर त्याच्याशी भांडता आलं नाही. त्याला म्हणावं, आता दुसरा कागद पुढे ओढ.

कुलपाचा विचार केला. खिडकीला जाळी आहे, दाराचे आकडे सिस्टर अंग आडवं धरून दाबते. परवा मला बाहेरच्या बाकावर बसावंसं वाटलं, तर तिला हाक मारून थांबावं लागलं, आणि ती अर्ध्या तासाने आली. तो अर्धा तास मला फार लांब वाटला. खोटं सांगत नाही. खाली निदान ओसरी तरी माझी होती.

ह्यांना मी कोण ते रोज सकाळी नव्याने पटवावं लागतं. कधी जेवणापर्यंत पटतं, कधी दिवस जातो. पण आता कुणी घड्याळ दाखवत नाही. काल संध्याकाळी मला शेजारीण समजून फार हळू आवाजात विचारत होते, बाई, तुम्हाला भेटायला कुणी येत नाही का. मी सांगितलं, येतात की, रोज येतात, जरा उशीर होतो त्यांना एवढंच. तर म्हणाले, मग मी बसतो तुमच्या सोबतीला, ते येईपर्यंत.

तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.
तुझी आजी