भिंतीपलीकडच्या बाईंना

बाई, वसईच्या वाडीत आपल्या दोन घरांना एकच भिंत होती. पलीकडे तुमचं स्वयंपाकघर, अलीकडे माझा अभ्यासाचा पाट. दिवेलागणीला तुमचे यजमान घरी आले की भांडी आदळायची, आणि आई मला म्हणायची, "पोरा, कविता जरा मोठ्यानं म्हन." मी घसा ताणून म्हणायचो, तुम्ही वर्गात लावून दिलेल्या चालीवर. सकाळी तुम्ही लांब बाह्यांचं पोलकं घालून शाळेत यायचात. एकदा वही परत देताना हसून म्हणालात, "काल तिसऱ्या कडव्यात चुकलास. ऐकू येत होतं मला." मी दिवसभर हवेत होतो. भिंतीतून ऐकू दोन्हीकडे येतं, हे कळायला फार वर्षं लागली. पुढे एके संध्याकाळी तुमचा स्टोव्ह भडकला, निदान पंचनाम्यात तरी तसं लिहिलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगायला गेलो नाही.

आता मी नालासोपाऱ्यात राहतो. डोक्यावरच्या घरातली मुलगी वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी वरून तोच आवाज आला, आणि नवऱ्याचं स्पष्ट ऐकू आलं, "आज संपवतोच तुला." आमच्या हिने सवयीने टीव्हीचा आवाज वाढवला. मी तो बंद केला आणि महिला हेल्पलाइनला फोन लावला. पोलीस आले. दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकारी म्हणून एक तरुण बाई आल्या. जीव जाण्याआधी पोचावं म्हणून सरकारने आता अशी माणसं नेमली आहेत. त्यांनी मुलीजवळ बसून सगळं लिहून घेतलं, मग खाली येऊन मला म्हणाल्या, "काका, कोर्टात सांगाल का, काय ऐकलंत ते?"

जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. "काय काका, तुमचं ते कविता म्हणणं सोडून हे कुठे? बिल्डिंगचं नाव जातंय."

"जाऊ दे नाव. मुलगी राहिली पाहिजे."

उद्या सकाळी वसई कोर्टात तिच्या संरक्षणाच्या आदेशाची तारीख आहे. "काका, तुम्ही येणार ना नक्की?" तिने तीनदा विचारलं. कपडे इस्त्री करून ठेवलेत. जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगणार आहे. पाठांतर तुम्हीच करून घेतलंय माझं.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही तपासलेल्या माझ्या जुन्या कवितेच्या वहीत ठेवतो. एक गोष्ट कोर्टात कुणी विचारणार नाही, म्हणून इथे लिहितो. त्या संध्याकाळी फोन हातात घेण्याआधी, बाई, माझी दोन कडवी म्हणून झाली होती.