गुरुवारचा अर्धा राहिलेला तास

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा तास मोडला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कोणी 'दुपारच्या सुमारास काहीतरी झालं' म्हणायला नको.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची मुलं, औषधशास्त्राची लॅब. गुरुवारी गावातले दोन-तीन रुग्ण घरची औषधांची पिशवी घेऊन येतात. मुलं त्यांना एकेक औषध समजावतात: कशासाठी, कधी, काय खाऊन, विसरलं तर काय. रुग्णाने तेच परत आपल्या शब्दांत सांगितलं तर मार्क. निवृत्तीनंतर मी मानद म्हणून येते ती याच तासासाठी. व्याख्यानं काय, आता फोनमध्येही मिळतात.

आज हिराबाई होती, मासळी बाजारातली. इन्सुलिन घेते तरी साखर उतरत नाही. ओपीडीत दोनदा डोस वाढवून झाला. समोर तन्मय, नागपूरचा. कधी घेता, कुठे टोचता, झालं. पुढचा प्रश्न विचारायला त्याने तोंड उघडलं आणि दारात सुरक्षारक्षक. बाहेरच्यांना लॅबमध्ये परवानगी नाही, एचओडी सरांनी सांगितलंय.

"मावशी, उठा."

उठली. पदर सारखा केला, पिशवीची गाठ मारली. माझ्याकडे बघितलं नाही. सगळी बॅच बघत होती.

रागावले की मी मराठीत लिहिते. इंग्रजीत माझा राग शाळेतल्या सिस्टरांसमोर उभा राहिल्यासारखा सभ्य होतो.

शुक्रवार, ७ नोव्हें.

केतनकडे गेले. विभागप्रमुख डॉ. केतन, माझाच विद्यार्थी. मी आत आले की अजून उठून उभा राहतो. सवय चांगली आहे, तिचा उपयोग काल हिराबाईला झाला असता तर बरं होतं. हे तोंडावर बोलले.

त्याचं म्हणणं: इन्स्पेक्शन जवळ आलंय. लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर लागलेत, ते वापरात दिसायला हवेत. गुरुवारचा तास आता सिम्युलेशनला. रुग्ण बघायला ओपीडी आहेच. मी म्हटलं, ओपीडीत एका रुग्णाला मिळतो तेवढ्या वेळात मला माझा चष्माही सापडत नाही. हसला. मग गंभीर झाला.

"मॅडम, तुमची दगदगही कमी होईल."

"केतन, माझी दगदग मोजायचं काम मी तुला दिलेलं नाही."

पडद्यावर ससा आहे. क्लिक केलं की डोळ्यात थेंब, बाहुली मोठी. खरा ससा सुटला याचा मला आनंदच आहे. पण हा ससा औषध चुकीचं घेत नाही, घरी नेऊन भलतीकडे ठेवत नाही, मुलांना उलटून विचारत नाही. असा रुग्ण मी आजवर पाहिलेला नाही.

चहा न घेता आले. चहा बरा असतो तिथला, त्याचंही वाईट वाटलं.

रविवार, ९ नोव्हें.

हिराबाईची माफी मागायला बाजारात जायचं ठरवलं होतं. साडी नेसत होते तेवढ्यात तन्मयचा फोन. मागे मासळी बाजाराचा कल्ला.

"मॅडम, इन्सुलिन बर्फात ठेवून राहिल्या त्या. सुरमईच्या खाली."

तो आणि श्रावणी आपणहून गेले होते. श्रावणी पेणची, एरवी मागच्या बाकावर गप्प. मी पाठवलं नव्हतं. गुरुवारचा पुढचा प्रश्न राहिला होता, म्हणाले. कुठे ठेवता?

रिक्षा करून पोचले. हिराबाईने थर्माकोलच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. फ्रीज खाऱ्या हवेने केव्हाच गंजला. औषधाच्या खिडकीवर कोणीतरी सांगितलं होतं, गार ठेवा.

"गार ठेव सांगलान ना? मंग बर्फापेक्षा गार काय हाय?" आणि मासळी जास्त गार राहावी म्हणून बर्फावर वरून जाडं मीठ. म्हणजे साध्या बर्फाहूनही थंड. इन्सुलिन गोठलं की कामातून गेलं. श्रावणीने बाटली उजेडात धरली. काचेला पांढरे कण चिकटलेले.

मी म्हणणार होते की आत्ताच्या आत्ता नवी बाटली. त्याआधी श्रावणीच म्हणाली, हळूच, "मॅडम, डोस वाढवला तो या मेलेल्या औषधावर ना? नवीन बाटलीचं तेवढंच टोचलं तर साखर एकदम खाली जाईल."

इतकी वर्षं शिकवते आहे. असं वाक्य कानावर पडायला कधीकधी अख्खी टर्म जाते. इथे कोळंबीच्या टोपलीशेजारी उभं राहून ऐकलं.

तिथेच मेडिसिनच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन लावला. ताबडतोब घेऊन या म्हणाला. हिराबाई कुरकुरली, रविवारचं गिऱ्हाईक सोडून कशी येऊ. जावेला बसवलं आणि आली. वाटेत दोघांना दम भरत होती, "आधी विचारायला काय झालेला?" विचारणारच होते हे त्यांनी तिला सांगितलं नाही. मी सांगितलं.

मंगळवार, ११ नोव्हें.

हिराबाईला वॉर्डात ठेवून नवी बाटली, कमी डोस. साखर उतरते आहे, बेताने. घरी इन्सुलिन ठेवायला मडक्यात मडकं आणि मधे ओली वाळू, हे तन्मयने तिला समजावलं. तिने परत म्हणून दाखवलं, वर त्यालाच विचारलं की वाळू खाडीची चालेल की नळाच्या पाण्याने धुतलेली पाहिजे. फार बरं वाटलं. तन्मयला उत्तर शोधून आणायला सांगितलंय.

केतनला सगळं सांगितलं.

"तो प्रश्न गुरुवारीच विचारला गेला असता?"

"पुढचाच होता."

चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, मीटिंगमध्ये ठेवतो, तुम्ही लेखी द्या. तासाबद्दल ना हो, ना नाही. पण नंतर त्या लॅबसमोरून जाताना दोनदा थांबला, असं श्रावणी सांगत होती.

गुरुवार, १३ नोव्हें.

लॅबमध्ये ससा. कॉलेज सुटल्यावर अर्धी बॅच माझ्या पडवीत, नारळाच्या झावळ्या बाजूला सारून बसली. शेजारचे नाना रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आले. डोकं दुखलं की घेतो म्हणाले. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. ओरडायचं नाही हे मी आधीच बजावलं होतं.

पण पडवी हे उत्तर नव्हे. पडवीत मार्क देता येत नाहीत. आणि ज्यांना मार्कांशिवाय हलायचं नाही, त्यांच्याच हाती पुढे गोळ्या लिहायचं पेन येणार आहे. तास वेळापत्रकात परत हवा, लॅबमध्येच.

हिराबाईला विचारलं, परत येशील का. ती कालच घरी आलीय, आवाज पूर्ववत.

"येईन. पन ज्यानं उठवला त्यानंच बसवायचा."

रक्षकाबद्दल म्हणतेस का, म्हटलं.

"तो बिचारा पोटासाठी करतो. सांगनारा कोन हाय, त्याला धाड. खुर्ची त्यानं ठेवायची."

शनिवार, १५ नोव्हें.

केतनला द्यायचं पत्र. तिसरा खर्डा, पहिले दोन फार खरे होते. इथे उतरवून ठेवते.

विभागप्रमुख, औषधशास्त्र, यांस.
गुरुवार दि. ६ रोजी सकाळी ११.१० वाजता माझ्या तासातून एका रुग्णाला उठवण्यात आले. तिला विचारायचा राहिलेला प्रश्न आपल्याच विद्यार्थ्यांनी रविवारी बाजारात जाऊन विचारला. त्याचे काय निघाले ते वॉर्डाच्या केसपेपरवर आहे. तरी कळवावे:
गुरुवारचा तास वेळापत्रकात परत येणार की नाही.
श्रीमती हिराबाई यांना बोलावणे आपण स्वतः जाऊन करणार की नाही. बाजारात त्या सकाळी असतात. त्यांची खुर्ची आपण स्वतः ठेवायची, हे तोंडी सांगितले आहेच.
उत्तर लेखी हवे, गुरुवार दि. २० नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून १० मिनिटांच्या आत. त्या मिनिटाला तन्मय पुढचा प्रश्न विचारणार आहे. कुठे बसून, ते कळवावे.