इंजनाची रुमी टोपी

गंगेचा घाट, उमापूरजवळ
आषाढ वद्य २, शके १८५७

चि. गं. भा. बायनाबाईस वडीलभाऊ सुंदररावाचे आशीर्वाद. वि. वि. इकडं समदे खुशाल. तू गाडीवाल्याजवळ दिलेलं पुडकं पोचलं.

सोडलं तर आत दाजींची लाल रुमी टोपी, गोंड्यासकट! मला वाटलं बहिणीनं भावाला तहसीलदार केला. मग चिठ्ठी वाचली. नावेच्या इंजनाचं डिझल म्हणं या टोपीतून गाळून घ्यायचं. अगं बाय, तेल हाय ते, पंचामृत न्हाई. पिंपातून टाकीत वतलं, दांडा फिरवला, इंजन चाललं, झालं. तेलाला सोवळं कावून पाळायचं? दाजी गिरणीच्या इंजनाला जलमभर गाळीत बसले, ते हौशी मानूस. मला सवड न्हाई. नावेवरचा सटवा ती टोपी घालून घाटावर हिंडला, तर दोघातिघांनी त्याला सलाम ठोकला. आता टोपी खुंटीला लावलीय.

तुझी छबू सासरी सुखरूप हाय. त्या गाडीमागं वाटा चिखलानं बंद झाल्या, म्हणून बाळंतपणाला तुझ्याकडं धाडता येत न्हाई. मामा हाय हितं, घोर करू नको. लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे.

सुंदरराव


नांदूरघाट
आषाढ वद्य ११

तीर्थरूप दादांस बायनाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

हसा तुमी. पर छबूचं पहिलं बाळ कशानं गेलं ते इसरू नका. गंगा भरून आलती, वल्ह्याची नाव सुटंना, अन् जालन्याची डाक्टरीणबाई पल्याड. म्हणून तर तुमी इंजन घेतलं. आता सुईण म्हणती, हे लेकरूबी आडवं हाय, या खेपेलाबी पल्याड न्यावं लागंल. इंजन ऐन धारेत बंद पडलं तर माझी छबू कुठं जाईल दादा?

हे सांगायचे, तेलात पाण्याचा घोट आला की इंजन ठसकतं अन् गप होतं. टाकी गळ्यापतोर भरून ठेवा, रिकाम्या पत्र्याला गारव्यानं आतून घाम सुटतो. पिंपाच्या बुडातलं तेल घेऊ नका. टोपी आधी तेलात मुरवा, मग तेल खाली उतरतं अन् पाणी टोपीत ऱ्हातं.

गिरणीतली जुनी टोपी इरून गेली. ही यांची चांगली, छबूच्या लग्नात घातलेली. सटवाच्या डोक्यावर तेवढी देऊ नका. धाकटी हाय, रागवा पर माया कमी करू नका.

बायना


गंगेचा घाट
भाद्रपद शुद्ध ५

चि. गं. भा. बायनाबाईस आशीर्वाद. वि. वि. आधी गूळ खा, मग वाच. छबूला मुलगा झाला. दोघं सुखरूप हायत.

आता ऐक. पोळ्याला सटवानं कहर केला. जलमाचा गुराखी तो. त्याचं म्हणणं, इंजन चार बैलांचं काम ओढतं, मग त्याचा पोळा कावून न्हाई? मी पुरणपोळी खाया गेलतो. तेवढ्यात यानं इंजनाला गंगेच्या पाण्यानं आंघोळ घातली, हळद-तूप लावून खांदे मळले, घुंगरमाळ बांधली. इंजनाला खांदे कुठं सापडले ते त्यालाच ठावं. पिंप ही त्याची गव्हाण, म्हणून बूच काढून त्याच्यावरबी हळदीच्या पाण्याच्या घागरी वतल्या.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला छबूला गाडीत घालून तिचे सासू-सासरे घाटावर आले. गंगा दोन्ही थड्या भरून. पिंपातलं तेल टाकीत वतलं, दांडा फिरवला, तर इंजन ठसकलं अन् गप झालं. दुसरं पिंप पल्याड. सासू रडाया लागली, सटवा इंजनाच्या पाया पडाया लागला. मला खुंटीवरची टोपी दिसली.

टाकीची तोटी सोडून समदं भाईर काढलं. टोपी तेलात मुरवली, सटवानं दोन्ही हातांनी धरली, मी वतत गेलो. लई सावकाश गळतं गं ते! मी भडाभडा वताया लागलो, तसं त्या कळांतबी छबूनं गाडीतून हाक दिली, की मामा, घाई केली तर बाबा टोपी उपडी करून पुन्ना पहिल्यापासून गाळाया लावायचे. मग मी मुकाट्यानं बारीक धार धरली. टोपीच्या बुडाशी गढूळ पाणी साचलं, हळदीसकट. खाली निवळ तेल.

इंजन लागलं ते पल्याडच्या थडीला जाऊनच थांबवलं. मधी एकदाबी ठसकलं न्हाई. तिथं मोटर मिळाली. दिवस मावळायच्या आत डाक्टरीणबाईनं पोरगं मोकळं केलं.

बायना, तुझे अन् दाजींचे लई उपकार. असं लिवायची मला सवय न्हाई, एकदाच लिवतो. आता तेल रोज गाळतो. माया ठेव.

सुंदरराव


नांदूरघाट
भाद्रपद वद्य १

तीर्थरूप दादांस नमस्कार. वि. वि. पत्र वाचून देवापुढं बसले, मग पुन्ना वाचलं. तुमी माझी लेक माघारी आणली दादा.

सटवाला मारू नका. त्यानं इंजनात जीव बघितला, दुसरं काय? एकच वाईट वाटतं. बारशाला लेकराच्या डोक्याला आजोळचं टोपडं लागतं, अन् या चिखलात मला येता येत न्हाई. छबूची सासू बोलंल. तुमीच संभाळा. आठवण असू द्या.

बायना


गंगेचा घाट
आश्विन शुद्ध २

चि. गं. भा. बायनाबाईस आशीर्वाद. वि. वि. छबू अल्याड आली, बारसं काल झालं. नाव शहादेव ठेवलं. रंगानं इंजनावर गेलाय.

टोपडं न्हाई म्हणून सासू कुरकुरलीच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सटवा आला. छबूनं त्याला आधीच सांगून ठेवलंतं. ताटात दाजींची टोपी, वर धुतलेलं फडकं. मी म्हणालो, तेलकट हाय, वास मारती. तुझी लेक ऐकती व्हय! पोराच्या डोक्याला टेकवली, ती पार हनवटीपतोर उतरली. पोरगं आतून शिंकलं. समद्या बाया हसल्या, सासूबी हसली.

कपाळावर तेलाचा टिक्का उमटला. सासू पदरानं पुसाया गेली तर छबूनं हात धरला, म्हणाली ऱ्हाऊ द्या, आजोळचं हाय.

टोपी परत खुंटीला गेली. गंगा अजून भरलेली हाय, म्हणून धाडत न्हाई. वाटा सुकल्या का गाडी धाडतो, नातू बघाया ये. तोवर या म्हाताऱ्यावर लोभ धर.

सुंदरराव