सोनाबाई पोहोचेपर्यंत

शनि. १४ मार्च १९८१
दुपारी चर्च उघडून घेतलं. पंखे बंद ठेवले, नाहीतर टेपमध्ये घरघर येते. जावयाचा टेपरेकॉर्डर पायपेटीवर, बटण माझ्याकडे. ह्यांनी नऊ गीतं वाजवली. उजवा हात मधेच थरथरायचा, की पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर म्हणतात, हा हात आता दोन-तीन महिन्यांचा सोबती. मंडळीत दुसरं कोणी पेटी वाजवणारं नाही. म्हणून टेप भरून ठेवणं चाललंय.

प्रत्येक कडवं संपलं की हे हात उचलून थांबतात. समोर रिकामे बाक आणि दोन कबुतरं. म्हटलं, "काहून थांबले जी? फीत वाया जाऊन राहिली."
"सोनाबाईले पोहोचू दे."
सोनाबाई पारशिवनीकडची. वाचता येत नाही, सगळी गीतं पाठ. पण शेजारणीचं ऐकून उचलते, त्यामुळे अर्धी ओळ मागे, आणि शेवटची ओळ तर अशी लांबवते की विचारू नका. एवढी वर्षं हे पेटीवर तिच्यासाठी थांबत आले. आज ती तिथं नव्हतीच! डोकंच फिरलं माझं. रिक्षात मात्र हसू आलं.

रवि. २२ मार्च
टेपवरची पहिली उपासना. पायपेटी पुरुषांच्या बाजूला, तेव्हा बटण दाबणारी बाईसुद्धा पुरुषांच्या बाकावर. चार-पाच माना वळल्या. वळू देत. लग्नाला एकतीस वर्षं झाली, चर्चमध्ये ह्यांच्या शेजारी आज पहिल्यांदा बसले. लग्नाचा दिवस सोडून.
सगळे जरा बिचकून गायले. कडवं संपलं, टेपमधली पेटी थांबली, सोनाबाईची ओळ आली, बरोब्बर तेवढ्यात संपली, दुसरं कडवं सुरू. पाळकसाहेब चकित.
हे गात नाहीत. बोटं गुडघ्यावर वाजवतात. ह्यांनी काल मला सांगितलं होतं, "गाणं माझ्याबिगर चाललं पाहिजे. पण मले घरी नका बसवू."

रवि. १७ मे
फजिती! लाइट गेली, टेप सेलवर लावला, आणि सेल उतरलेले. मी बदलायचे विसरले. गीत असं रेंगाळलं की पुरुषांचे आवाज पार पोटात गेले. आणि सोनाबाई आपल्या नेहमीच्या चालीनं, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे! तिनं ओळ संपवून मागे वळून पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणते, "काय वं बाई, आज सारे झोपले व्हते काय?"
हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी. फार दिवसांनी.

गुरु. ११ जून
सोनाबाई गेली. पहाटे, झोपेतच. दफनविधीला टेप नेला नाही. ह्यांनी सांगितलं, नको. नुसत्या आवाजावर गायलो. सगळे भराभर गाऊन मोकळे झालो. फार चुकल्यासारखं वाटलं.

रवि. १४ जून
पहिलं कडवं संपलं आणि टेपमधली ती जागा आली. रिकामी. अर्धे लोक पुढे निघाले, अर्धे थांबले, पार गोंधळ. दुसऱ्या कडव्यानंतर मात्र सगळेच थांबून राहिले. पंख्याचा आवाज तेवढा. मला रडू आवरेना, पदर तोंडाला लावला. ह्यांची बोटंही थांबली होती.

शनि. २७ जून
पाळकसाहेब घरी आले. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये रूथ नावाची मुलगी आली आहे, पेटी छान वाजवते. टेप आता बंद करू म्हणाले. "त्या रिकाम्या जागांनी नवीन लोकांचा घोटाळा होतो."
हे म्हणाले, "बरं झालं. जिवंत हात पाहिजे." आणि जेवले नाहीत. आवडीची भरली वांगी तशीच. पा. सा.चं चूक नाही, कळतं मला. तरी राग आला, भांडी जोरात घासली.

रवि. ५ जुलै
टेप घरी. तरी मी त्याच बाकावर, गीतपुस्तक ह्यांच्यासमोर धरायला. आता कोणी वळून बघत नाही.
रूथ चांगली वाजवते. हात स्वच्छ. पहिलं कडवं झालं, ती सरळ दुसऱ्यात शिरली. आणि मंडळीतून एकही आवाज नाही! सगळे थांबलेले. कोणी ठरवलं नव्हतं. बिचारी दोन ओळी एकटीच वाजवत गेली, मग हात उचलून भांबावून मागे बघू लागली.
तेवढ्यात शेजारून आवाज. हे. शेवटची ओळ, सोनाबाईसारखी लांबवून. घोगरा, हलता, सगळ्यांच्या मागून सावकाश चाललेला. जन्मभर पेटीमागे तोंड मिटून बसलेला माणूस. ओळ संपली, रूथनं दुसरं कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

सोम. ६ जुलै
संध्याकाळी रूथ आली, तोंड एवढंसं. "काका, माझं चुकलं का? किती थांबायचं ते मोजून सांगा, मी पेन्सिलनं लिहून ठेवते."
"मोजून नाही होत ते पोरी. मागचं माणूस पोहोचेपर्यंत."
"पण त्या आजी तर आता..."
"सध्या मी आहो."
तिनं पेन्सिल काढली होती, लिहिलं काहीच नाही. असं थांबलं तर चालेल का, पा. सा.ना विचारून बघते म्हणाली.
सध्या, म्हणाले हे. मी चहा टाकायला उठले आणि साखर दोनदा घातली.