झाकून ठेवलेली ताटली

रविवार, संध्याकाळ

सुटलो एकदाचा. आठवडाभर बोईसरला कंपनीत मशीनवर उभा होतो, पण डोक्यात हेच.

माझी धाकटी बहीण मंजू लग्नानंतर प्रार्थनेला जायला लागली. खरा देव एकच, असं म्हणते, आणि दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं खात नाही. इकडे आई नव्या तांदळाचा भात कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय कोणाला तोंडात घालू देत नाही. मग आज घरी आलेली मंजू जेवणार कशी? उपाशीच परत गेली असती तर?

भात शिजल्याबरोबर आईनं एक ताटली वेगळी काढून झाकली. बाकीचा टोप देवीपुढे नेला. आणि मंजू? आई हात जोडून उठेपर्यंत त्या झाकलेल्या ताटलीपुढे नुसती बसून राहिली. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

खरा रस्ता कोणाचा, ते मला अजून ठरवता येत नाही. जेवताना विचारणारही होतो. तेवढ्यात मंजू म्हणाली, "आये, अजून हाय का?"

मी टोपाकडे पाहिलं. टोपातला तर सगळा देवीपुढचा.

आईनं चुलीमागून दुसरी झाकलेली ताटली काढली. "एका ताटलीत तुजं कदी भागलंय?"