मामा नळी लावत नाहीत

७ फेब्रु. ३८, वाशीम
आज यमू मामांच्या दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली, आणि मी हातातलं सगळं टाकून धावलो. शेजारच्या पाटलांची मुलगी. रिठद गावी दिलीय, पुढल्या महिन्यात लग्न. दम लागलेला, ओठ निळसर. तिची आई म्हणे, "उपासानं होऊन राह्यलं." मामांनी नाडी धरली, मानेच्या शिरांकडे पाहिलं, शक्तीचं औषध दिलं. तालुक्यात छातीचे डॉक्टर म्हणून नाव, आणि ठोके ऐकायची नळी गळ्यातच राहिली.

८ फेब्रु.
मामांना विचारलं. "लग्नाच्या पोरीले मी नळी लावत नाही." का, ते सांगत नाहीत. नागपूरचं मेडिकल स्कूल मी मास्तरांशी भांडून अर्धवट सोडलं, म्हणजे मला काही कळतच नाही. जेवलो नाही. मामी: "अन्नावर कायले राग काढतं बापू?"

११ फेब्रु.
दुपारी मामा आपणहून बोलले. इथल्याच जवळच्या मालेगावच्या एका पोरीला नळी लावली होती. घरघर ऐकू आली. बाकावरच्या लोकांनी नळी पाहिली, सासरी कळलं, लग्न मोडलं. "आज भावाच्या घरी राबून राह्यली. धडधाकट. मी तेव्हा काय ऐकलं, मलेच माहीत नाही."
म्हटलं, आणि यमू पहिल्या बाळंतपणात गेली म्हणजे?
मामा, "तुले तिचं काळीज ऐकायचं आहे का तिचं लग्न मोडायचं आहे?"
ओरडलो. काय काय ओरडलो, आठवत नाही. खरं सांगायचं तर मला दोन्ही हवंय.

१५ फेब्रु.
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.
यमू आईला घेऊन आली. मामांनी हात पुढं केला, तिनं मनगट पदराखाली घेतलं.
"नाडी नोका पाहू. नळी लावा."
आई, "येडी झाली काय? भाईर मानसं बसून हायेत. रिठदले समजलं तं?"
"समजू दे. बाळंतपन मले करा लागन, त्याईले नाही."
बाळंतपणाचं हे तुला कोणी सांगितलं, मामांनी विचारलं.
"कोनी कायले सांगते? तुमच्या-आमच्या मधल्या भितीतून ऐकलं म्या त्या दिवशी. सगळं."
सगळं. म्हणजे मामांनी मला विचारलेलंही. जमिनीकडे बघत उभा राहिलो.
मामांनी नळी गळ्यातून काढली. मला म्हणाले, "तू बाहेर जा."
मी मदतीला थांबतो म्हटलं.
"तुह्या कानाचा भरवसा नाही. माझ्याही नाही, पण..."
यमू माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा न भाऊ."
भाऊ. बरं.
मामांना आत काय ऐकू यावं असं मला वाटतं, ते माझं मलाच सांगता येईना. बाहेर आलो. बाकावरची बोलणी थांबली, सगळे मान उंचावून आत बघायला लागले. दार ओढून घेतलं, घट्ट.